कूस बदलणारं पातं

आमच्याकडं बेअरिंगची पारख बोटानं व्हायची. बेअरिंग डाव्या हाताच्या बोटात अंगठीसारखं अडकवायचं, उजव्या हातानं बाहेरच्या कड्याला टिचकी मारायची आणि कान जवळ नेऊन डोळे मिटायचे. खूप वेळ फिरलं तर अस्सल, मधेच थांबलं तर भिकार, आणि खरखरलं तर दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकासाठी. हसनाबादच्या अलीकडच्या फाट्यावर रंगूकाकांचं वर्कशॉप होतं, तिथं ही परीक्षा दिवसातून कितीदा तरी चाले, आणि ती घ्यायला माणूस मेकॅनिकच असावा लागे असं काही नव्हतं. पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन आलेला शेतकरी, एसटीची वाट पाहणारा मास्तर, उगाच बसलेला कुणीही बोट पुढं करायचा आणि टिचकी मारून झाली की जाणत्यासारखी मान हलवायचा. आज मी तंत्रनिकेतनात पोरांना बेअरिंगची निवड हाच धडा शिकवतो. नमुन्यांची पेटी उघडली की पहिल्या बाकावरचा पोरगा काय करतो? बोटात घालून टिचकी मारतो. मी त्याला रागावत नाही. तो अधिकार मी फार पूर्वीच गमावला, आणि कसा गमावला हे सांगायला मला पन्नाशी उलटावी लागली.

वर्कशॉप म्हणजे पुढं पत्र्याचं शेड आणि मागं आमचं राहतं घर. घरात दोन भावांचा संसार. माझे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते शेती बघायचे. धाकटे रंगूकाका जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे, वेल्डिंग करायचे आणि गावात जे जे मोडेल ते ते उघडून बघायचे. शेडमध्ये वेल्डिंगचा चर्र आवाज सुरू झाला की घरातला बल्ब मिणमिणायचा आणि आई चुलीपुढून ओरडायची, "रंगनाथ, भाकर दिसून न्हाई राह्यली!" काका तिकडून म्हणायचे, "वहिनी, वासावर करा!" करपलेल्या भाकरीला आमच्या घरात 'वेल्डिंगची भाकरी' म्हणत, आणि ती अंबाडीच्या भाजीत बुडवून काकांनाच खावी लागे.

दुपारी भांडी झाली की काकी एका टोपलीत कापूस घेऊन शेडमध्ये यायची. घरातला एकुलता एक टेबलफॅन तिथं होता, हे सांगायचं कारण. ती खाली पोतं टाकून बसायची, सरकी काढलेल्या कापसाच्या फुलवाती वळायची. वर चिमटीएवढं टोक, खाली गोल बूड, जणू पांढरी मिरचीची फुलं. गावातल्या निम्म्या देव्हाऱ्यांत काकीच्या वाती जळायच्या. शेडमध्ये यायचं तिचं खरं कारण मला उशिरा कळलं. आई आणि दादांच्या पुढं काका-काकी एकमेकांशी बोलतच नसत. "पाणी" म्हटलं की तांब्या पुढं यायचा, एवढंच. पण शेडमध्ये, फॅनच्या आवाजाआड, दोघं न थांबता बोलायचे. कशावर, ते ऐकू यायचं नाही. अधूनमधून काकी हसायची आणि हसू कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागं बघायची.

हेलिकॉप्टर आमच्या गावात आलं ते निवडणुकीनं. एक मोठे पुढारी सभेला येणार म्हणून शाळेचं मैदान सपाट झालं, शाळेला सुट्टी मिळाली, मैदानात चुन्याचा भलामोठा इंग्रजी एच आला. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा सगळ्या गावाच्या डोळ्यांत धूळ गेली आणि सगळं गाव खूश झालं. पुढाऱ्यांनी दिलेली आश्वासनं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नव्हती. धूळ मात्र आठवडाभर निघत होती. सगळे पुढाऱ्यांच्या पाया पडत होते तेव्हा काका मान वर करून पात्यांच्या बुडाकडं बघत होते. घरी येऊन म्हणाले, "कायी न्हाई दादा, छताचा पंखाच हाय. नुसता खालून वर लावलेला."

दादा म्हणाले, "मंग लाव की. तुला कोणी धरलं?"

ही थट्टा होती. काकांनी ती परवानगी समजली. भंगारातून एक जुनं मोटारीचं इंजिन आलं, लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला, लाकडाची दोन पाती तासली गेली, आणि गावाला काम मिळालं. आमच्या सरपंचांनी, भाऊरावांनी, लागलीच एक समिती नेमली. समितीत सगळे होते, काका सोडून. कारण काका काम करत होते. "पुढाऱ्याला उडता येतं, मंग गावाला का येऊ नये?" हे भाऊरावांचं वाक्य. मनात त्यांच्या पोरीचं लग्न होतं. नवरदेव शिवाराच्या टोकापासून मांडवापर्यंत हेलिकॉप्टरनं यावा आणि जाफराबादच्या व्याह्यांचं तोंड उघडंच राहावं, एवढीच त्यांची विमानविद्येकडून अपेक्षा होती.

मी तेव्हा जालन्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय अजून माझी वाट बघत होते. पण घरात मी इंजिनिअर होतो. शनिवारी एसटीतून उतरलो की चहाच्या टपरीवरचे लोक खुर्ची सरकवायचे. काकांनी सगळं स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या डोक्यानं केलं, फक्त एक गोष्ट माझ्यासाठी ठेवली. "पात्याच्या बुडातलं बेअरिंग सुध्या सांगंल," ते म्हणाले. "ते पुस्तकातलं काम हाय."

ते काम काय होतं, हे सांगायला हवं. हेलिकॉप्टरचं पातं नुसतं गरगरत नाही. गरगरता गरगरता ते आपल्या लांबीभोवती कूसही बदलतं, झोपेतल्या माणसासारखं, जरा इकडं, जरा तिकडं. कूस तिरपी झाली की वारा जास्त रेटला जातो आणि यंत्र उचललं जातं. तर पातं जिथं मुळाशी धरलेलं असतं तिथलं बेअरिंग ही कूस सांभाळतं. त्याचं नशीब मोठं विचित्र. त्याला पुरा फेरा जन्मात मिळत नाही. इकडं दोन बोटं, तिकडं दोन बोटं, बस्स. आणि त्याच वेळी गोफणीतल्या दगडासारखं पातं बाहेर सुटायला बघत असतं, ती सगळी ओढ त्याच्याच छातीवर. ते बेअरिंग फुटलं तर पातं सुटणार, आणि काकांची बसायची जागा बरोबर त्याच्या खाली होती.

कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर एक इंग्रजी पुस्तक होतं. ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं, किल्ली ग्रंथपालांकडं होती आणि ग्रंथपाल शेतीच्या कामाला गेल्ते. शेवटी मिळालं. निम्मं कळलं, पण जे कळलं ते नेमकं होतं. अशा जागी साधं बॉल बेअरिंग घालू नये. ते पुऱ्या फेऱ्यासाठी असतं. नुसतं हलवत राहिलं की गोळ्या जागच्या जागी घासतात, ग्रीस बाजूला सरतं आणि कड्याला खड्डे पडतात. तिथं ओढ झेलणारं जाड बेअरिंग घालावं, आणि घट्ट आवळून बसवावं. असं बेअरिंग बोटानं फिरवलं तर फिरत नाही, एवढं मात्र पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला आमचं गाव माहीत नसावं.

जालन्यात बेअरिंगचं दुकान झुंबरसेठचं. घराणं मूळ मारवाडातलं, पण सेठजी इथंच जन्मले, इथंच वाढले, आणि एका वाक्यात मराठी-हिंदी अशी मिसळायचे की दोन्ही भाषांना आपलाच माणूस वाटावा.

"बोल इंजिनिअर, कायका पाहिजे? मोटारीचं का थ्रेशरचं?"

"हेलिकॉप्टरचं," मी म्हणालो.

सेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हसले नाहीत, गिऱ्हाइकाला हसणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. "कितने पंखे का?"

"दोन. पण सेठजी, ते फिरणार न्हाई. नुसतं हलणार. अन ओढ लई राहील."

"फिरणारच न्हाई?"

"न्हाई."

"तो फिर बेअरिंग कायको? खिळा ठोक."

तरीही त्यांनी दोन प्रकार काढले. एक जाड, काळसर, ट्रकचं पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिथं खाली घालतात तसलं. मी हातात घेतलं तर ते दगडासारखं गप्प. दुसरं निळ्या खोक्यातलं, परदेशी, आरशासारखं. सेठजींनी ते बोटात घालून टिचकी मारली. "ये देख. घुमाके चहा प्यायला जा. वापस आएगा, तब भी घूमता मिलेगा." मला जाडंच पाहिजे होतं. पण निळ्या खोक्याकडं बघून माझा हात काही मागं येईना. दोन्हींची जोडी घेतली. मनाला सांगितलं, काका ठरवतील. माणूस जिथं तोंड उघडायला भितो तिथं तो वडीलधाऱ्यांचा मान राखतो, हे मला माझ्याकडूनच शिकायला मिळालं.

शेडमध्ये त्या संध्याकाळी सगळी समिती होती. मी पोतं पसरून बेअरिंगं ठेवली. पहिला मान भाऊरावांचा. त्यांनी जाडं उचललं, टिचकी मारली. ते जागचं हललं नाही. पुन्हा मारली. भाऊराव म्हणाले, "आरं, हे तर आमच्या सासऱ्यासारखं हाय. कितीबी टोचा, उठतच न्हाई." शेड हसून हसून लोळलं. मग निळ्या खोक्यातलं आलं. टिचकी बसली आणि सगळे गप्प झाले. ते फिरत होतं, फिरत होतं, आवाज म्हणून नाही. कुणीतरी नकळत हात जोडले. "बिलकुल पाण्यासारखं!" "कान लावा, कान लावा, आवाजच न्हाई!" ते एका बोटावरून दुसऱ्या बोटावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आरतीच्या ताटासारखं फिरलं.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "सुध्या, पुस्तक काय म्हणतं? कोणतं?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारला नाही. सगळं शेड माझ्या तोंडाकडं बघत होतं, आणि त्या तोंडांवर आधीच उत्तर होतं. मी म्हणालो, "हेच. निळ्या खोक्यातलं. ते जाडं नुसतं फरक दाखवायला आणल्तं."

"बघा!" काका म्हणाले. "म्हून शिकावं."

बेअरिंग ज्यात बसतं ते लोखंडी घर त्या मापाचं लेथवर कातलं गेलं, बेअरिंग बसलं. काका अडाण्यासारखं काम करणारे नव्हते. चाचणी त्यांनी केलीच. शेडसमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला पात्याचं बूड उलटं टांगलं, खाली सोयाबीनची पोती लटकवली, म्हणजे ओढ बसावी, आणि कूस हलवायला एक दांडा जोडला. दिवसभर तो दांडा वर-खाली करायचा. काम कुणाला सांगावंच लागलं नाही. येणारा जाणारा, देवळात शिरताना घंटा वाजवावी तसा, दोनदा दांडा हलवूनच पुढं जाऊ लागला. बाया डोक्यावरची पाटी सांभाळून हलवायच्या. शाळा सुटली की पोरांची रांग लागायची.

पुढच्या एका शनिवारी मी आलो तर काका नाचायचे बाकी होते. "ये, ये, हात लाव! गिअर पडले!" मी दांडा धरला. तो पहिल्यासारखा पाण्यासारखा सरकत नव्हता. खट्, मग खट्, मग खट्. दर खटक्याला जरा थांबायचा. भाऊराव बाजूलाच होते. म्हणाले, "कंपनीच्या हेलिकॉप्टरलाबी असं नसंल. आपोआप जागा धरतं, बघा. याचं पेटंट घेतलं पायजे." काकांनी तिन्ही खटक्यांसमोर लाल रंगानं लिहूनही टाकलं होतं: खाली, मधे, वर.

त्या खटक्यांचा अर्थ त्या गावात मला एकट्याला कळत होता. काका जेवायला गेले तेव्हा मी बूड उतरवलं, रॉकेलनं बेअरिंग धुतलं आणि उजेडात धरलं. आतल्या कड्यावर ओळीनं चकचकीत खड्डे पडले होते, ओल्या मातीत बोटं दाबावीत तसे. आणि एका खड्ड्यातून केसाएवढी चीर निघून कडेपर्यंत गेली होती. मी ते कापडानं पुसलं, ग्रीस भरलं आणि जसं होतं तसं बसवलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तेव्हाही सोपंच होतं. हात आपोआप चालले. काकांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर कितीदा तरी मांडला. त्यांनी एक शिवी दिली असती, जाड्या बेअरिंगाच्या मापाचं नवं घर कातून आणलं असतं, मैदानावर उडवून दाखवायचा ठरलेला समारंभ पुढं गेला असता. बस्स. पण टपरीवरची खुर्ची गेली असती, आणि मला तेव्हा ती खुर्ची फार मोठी वाटत होती.

जेवताना मी एकदा प्रयत्न केला. "काका, कार्यक्रम जरा पुढं ढकलला तर? वारा लई हाय सध्या."

"आरं, वारा हाय तवाच उडायचं असतं," काका म्हणाले, आणि दादा घास थांबवून हसले.

मी मोरीवर हात धुवायला गेलो तेव्हा काकी पाणी द्यायला आली. ओठ न हलवता बोलल्यासारखी बोलली. "सुधाकर, खरं सांग. यांना कायी होणार न्हाई ना? मला रोज वाटतं, ते मोडून टाकावं, कुणी बघत नसताना."

"कायी होत न्हाई काकी," मी म्हणालो. "बेअरिंग पक्कं हाय."

तिनं माझ्या हातावर पाणी ओतलं. तिला माझा भरवसा वाटला. इंजिनिअरच होतो मी.

कार्यक्रमाच्या सकाळी यंत्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाजतगाजत शाळेच्या मैदानावर गेलं. जुन्या एचवर नवा चुना पडला होता. भोवती दोरी, दोरीला पताका, आणि दोरीच्या आत समिती. म्हणजे पातं सुटलंच तर गावाचं सगळं नेतृत्व एका फेऱ्यात संपणार होतं. प्रमुख पाहुणे येणार नव्हते, पण येणार आहेत असं लाउडस्पीकरवरून सारखं सांगितलं जात होतं. काकीनं ओवाळायचं ताट आणून ट्रॉलीच्या फळीवर झाकून ठेवलं होतं. मग पोहे आले आणि सगळे शाळेच्या व्हरांड्यात धावले. "सुध्या, तू राखण कर," काका म्हणाले. "तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नको."

मी ताटावरचं कापड उचललं. एक फुलवात घेतली. इंजिनाला जाणारी पेट्रोलची नळी ओढून काढली, वात आत सारली, नळी परत चढवली. कार्ब्युरेटरपाशी थेंब थेंब पोचेल, इंजिन सुरू होईल, पण जोर मागितला की गळा आवळला जाईल. एवढी विद्या माझ्याकडं होती. सत्य सांगायची नव्हती. व्हरांड्यातून पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्यांचा गोंगाट येत होता.

काकी आली, काकांना ओवाळलं, सगळ्या गावासमोर त्यांच्याकडं एकदा सरळ बघितलं. काका बसले. इंजिन सुरू झालं. पाती हळूहळू फिरू लागली, धूळ उठली, लोकांनी टोप्या धरल्या, बँडवाल्यांनी घाईनं वाजवायला सुरुवात केली. काकांनी जोर दिला. इंजिन खोकलं आणि विझलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदा गर्दीतून कुणीतरी मनापासून विचारलं, "काका, धक्का मारू का?" तिथून जे हसू सुटलं ते थांबलंच नाही. भाऊरावांनी माइक घेतला आणि म्हणाले की, आज आपलं यान जमिनीवर राहिलं, कारण आपली मुळं या मातीत घट्ट आहेत. टाळ्या झाल्या. लोक एसटी गाठायला निघाले. काका आत बसूनच होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तुझं बेअरिंग चांगलं व्हतं रे. माझं इंजिनच नालायक."

काही दिवसांनी, मी घरी असतानाच, काकांनी नळी काढली आणि फुंकली. ओली, पिवळी पडलेली वात त्यांच्या तळहातावर पडली. दादा होते, टपरीवरचे दोघं-तिघं होते. काकी नेहमीच्या पोत्यावर बसून वाती वळत होती. काका वातीकडं बघत राहिले, मग तिच्याकडं. ती वळायची थांबली. ती काही बोलली नाही. मीही नाही. बाकीच्यांना बोलायला काय लागत होतं? "घ्या! वहिनींनीच विमान विझवलं!" दादांचं तोंड वाकडं झालेलं बघून काका म्हणाले, "उद्यापासून कापूस शेडमधी आणू नको." तिनं टोपली उचलली आणि आत गेली. ती पुन्हा शेडमध्ये बसायला आली नाही. पोतं बरेच दिवस तिथंच होतं. मग कुणीतरी त्यात भंगार भरलं.

काका मरेपर्यंत गाव त्यांना पायलट म्हणत राहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी काही बांधलं नाही. सांगाडा मोडून त्याचं फाटक केलं. आणि आल्यागेल्या पाहुण्याला एक वाक्य ठरलेलं: "मी तर उडणारच व्हतो. हिच्या एका वातीनं माझं विमान विझलं." काकी तिथंच असायची, चहा देत. किंचित हसायची. ते हसू बघितलं की मी कप तसाच खाली ठेवायचो. मला वाटायचं, बिचारी सोसते आहे. सुट्ट्यांत जाणं मी कमी केलं. लग्न झालं, नोकरी लागली, पोरांना शिकवताना फळ्यावर खड्डे पडलेल्या कड्याचं चित्र काढायला लागलो. ते इतकं हुबेहूब यायचं की एका पोरानं विचारलं, सर, तुम्ही बघितलंय का? मी म्हणालो, पुस्तकात.

काका गेल्यावर काही महिन्यांनी मी एकटाच गावी गेलो. काकी आता सत्तरीच्या पुढची. दुपार होती. मी तिच्यासमोर बसलो आणि इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. दोन बेअरिंगं, निळं खोकं, खड्डे, चीर, ताटातली वात. म्हणालो, "काकी, तू माझ्यामुळं जन्मभर टोमणे खाल्ले. मला माफ कर."

ती हातातल्या शेंगा सोलत राहिली.

"खड्डे त्यांना माहीत व्हते," ती म्हणाली. "फाटक करायच्या वक्ताला पात्याचं बूड खोललं त्यांनी. घरात आले, दार लावलं अन म्हणले, शकू, तू वात घातली नसतीस तर आज तू पांढऱ्या कपाळानं असतीस. मी म्हणलं, मी न्हाई घातली, देवाची शप्पथ. ऐकलंच न्हाई. म्हणले, नको कबूल करू, मला समजलं. म्हणले, तू मला जितं ठेवलं." तिनं शेंग फोडली. "तुला कायी सांगू नको म्हणले. पोरगं शिकून राह्यलंय, पुढं काम करताना त्याचे हात थरथरतील."

"मंग ते टोमणे?"

"कशाचे टोमणे? लोकांत माझ्याशी बोलायचं तर काय बोलणार ते? तेवढंच बोलायचे. बोलताना माझ्याकडं बघायचे." तिनं टरफलं बाजूला सारली. "मनात तर मी शंभरदा घातली व्हती वात. पुढं पुढं वाटायला लागलं, घातलीबी असंल. कोणाला ठाव."

मी पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागलो.

"तेवढी एक गोष्ट माझी व्हती, सुधाकर," ती म्हणाली. "तेबी तुझीच निघाली."

मग ती उठली आणि तिनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून तेल. काकीच्या हातचं जेवताना 'बस' म्हटलं की अर्धी भाकरी जास्तीची पडायचीच. तिच्या घरात 'बस' या शब्दाला कधी किंमत नव्हती. एक भाकरी संपली तशी ती दुसरी घेऊन आली. मी ताटावर हात धरला आणि म्हणालो, "बस काकी."

ती थांबली, आणि भाकरी परत घेऊन गेली.